फराळ वाटून झाला, पण ओळख झालीच नाही

बेळगावच्या वडगाव भागातल्या एका गल्लीच्या मंडळाचे कार्यकर्ते विचारतात: गेल्या तीन वर्षांत गल्लीत तेरा कुटुंबं भाड्यानं राहायला आली. बरीचशी बागलकोट, विजयपूरकडची कन्नड बोलणारी, दोन मुस्लिम, एक बिहारचं. गणपतीची वर्गणी मागितली की देतात, पण मंडपात कुणी येत नाही. गेल्या दिवाळीला मंडळानं सगळ्यांच्या घरी फराळ पोचवला. सगळ्यांनी हसून घेतला, पुढं काहीच झालं नाही. आमचं मन स्वच्छ आहे, मग चुकतंय कुठं?

चूक फराळ पोचवण्याच्या पद्धतीत आहे. मंडळाचा फराळ बहुतेक ठिकाणी असाच जातो: कागदी प्लेटा, तीन-चार पोरं, अर्ध्या तासात सगळी घरं. घेणारा तो प्रसादासारखा घेतो, प्लेट कचऱ्यात जाते आणि दोन घरांमध्ये काही शिल्लक राहत नाही. आपल्याकडं शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. बागलकोटकडच्या घरातही हीच रीत आहे. ती साखर म्हणजे घेणाऱ्यानं स्वतःहून सांगितलेलं असतं की मीही देणाराच आहे. तुमच्या कागदी प्लेटेनं ते सांगायची संधीच ठेवली नाही. "आणखी काय देऊ?" हा विचार बाजूला ठेवा आणि त्यांना तुम्हाला काही देता येईल अशी जागा शोधा. पुढचं सगळं उत्तर याच धाग्यावर आहे.

आधी तीन गोष्टी तपासा, कारण त्यांवर बरंच अवलंबून आहे. पहिली, घरमालक कोण? मंडळाचे पदाधिकारीच घरमालक असतील तर भाडेकरू त्यांच्या निमंत्रणाला नाही म्हणू शकत नाही. तो येईल, बसेल, पण ते येणं भिडेपोटी असेल. अशा घरी घरमालकानं जाऊ नये, दुसऱ्या भाडेकरूनं जावं. दुसरी, कुटुंब किती काळ राहणार? बांधकामावर सहा महिन्यांसाठी आलेलं घर आणि पोरं इथल्या शाळेत घातलेलं घर, दोघांची गरज वेगळी. पहिल्याला माहिती आणि अडीअडचणीला हात हवा, दुसऱ्याला गल्लीत जागा हवी. तिसरी, गावाची हवा. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, एका घरात राज्योत्सव असतो आणि शेजारच्या मराठी घरात निषेधाचा काळा दिवस. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं हा वाद १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो गल्लीनं सोडवायचा नाही आणि त्यावर कुणी मत बदलावं अशी अटही घालायची नाही. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका, एवढं पुरे.

आता डब्याकडं परत येऊ. डबा स्टीलचा असावा, शक्यतो नाव कोरलेला. मंडळाच्या नावानं पाठवू नका, एका घरातून एका घरी जाऊ दे. आत चार चकल्या, दोन लाडू, वाटीभर चिवडा, सगळं मिळून पाव किलोच्या आत. किलोभर मिठाई नेली तर समोरच्या बाईच्या डोक्यात पहिला हिशेब परतफेडीचा येतो, आणि ती ऐपतीत बसत नसेल तर ती तुम्हाला टाळायला लागते. डबा देताना "सवडीनं द्या, घाई नाही" म्हणायचं आणि नंतर तो मागायला जायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक डबे काहीतरी घेऊन परत येतात: जवसाची चटणी, शेंगाचटणी, कधी दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या.

काही डबे मात्र घासूनपुसून रिकामे येतात. इथं घाईनं निष्कर्ष काढू नका. मुस्लिम किंवा दलित घरातून डबा रिकामा येतो त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं की "आपल्या घरचं हे लोक खाणार नाहीत" असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि तसं धरायला त्यांना आयुष्यानं शिकवलेलं असतं. अशा वेळी पुढचं पाऊल तुमचं. "परवा तुमच्याकडनं चटणीचा लई छान वास येत होता, थोडी द्या की," असं सरळ मागायचं. मिळाली की तिथंच, त्यांच्यासमोर बोटभर चाखायची. दहा वेळा फराळ देऊन जे होत नाही ते या एका मागण्यानं होतं. खाण्याची तयारी नसेल तर मात्र मागू नका. नेलेली चटणी तशीच टाकून दिली तर ते कधी ना कधी कळतंच.

खाण्यापिण्यात आधी विचारून घ्या. लिंगायत घरं शाकाहारी असतात, केकमध्ये अंडं चालत नाही. काटेकोर जैन घरात कंदमुळं चालत नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवण नसतं, म्हणून संध्याकाळी सातला गरम बटाटेवडे नेऊन काही उपयोग नाही. काही मुस्लिम घरं देवाला दाखवलेला नैवेद्य घेत नाहीत. त्यांच्यासाठीचा फराळ नैवेद्याआधी बाजूला काढा आणि तसं त्यांना सांगा. "आम्ही दिलं ते त्यांनी खाल्लं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा न विचारल्यामुळं जन्माला येते.

सुरुवातीला दिवाळीपेक्षा संक्रांत आणि दसरा बरे. आपण "तीळगूळ घ्या, गोड बोला" म्हणतो, कन्नड घरात "एळ्ळु बेल्ला" देऊन चांगलं बोला असंच सांगतात. आपला हलवा तो त्यांचा "कुसुरेळ्ळु". दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, ते शमीची पानं देतात, त्याला बन्नी म्हणतात आणि "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण" म्हणतात, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. दोन्ही घरांना दुसऱ्याचं अर्धं आधीच पाठ असतं. शिवाय या दिवशी देणं आणि घेणं एकाच वेळी होतं, कुणावर उपकार चढत नाही. दसऱ्याला त्यांच्या दारी जाताना आपटा आपला न्या आणि बन्नी त्यांच्याकडून घ्या. गल्लीतल्या पोरांना दोन्ही वाक्यं शिकवायला पंधरा मिनिटं लागतात.

भाषेतला एक बारकावा सांगतो, कारण त्यावरून बरीच मनं दुखावतात. मोडकं कन्नड बोलणारा मराठी माणूस वयस्कर बाईलाही "बा" म्हणतो. हे मराठीतल्या "ये" सारखं एकेरी आहे. मान द्यायचा तर "बर्री" म्हणायचं. "ऊटा आत?" (जेवण झालं?) ऐवजी "ऊटा आतेन्री?" शेवटचा "री" लावला की अर्धं काम झालं. उलट बाजूनंही तेच होतं: नव्यानं मराठी बोलणारा कन्नड माणूस तुमच्या वडिलांना "तू ये" म्हणेल. त्याच्या मनात अनादर नसतो, त्याला "या" आणि "ये" मधला फरक कानानं अजून कळलेला नसतो. चारचौघांत सुधारू नका. नावाचंही तसंच. पहिल्या भेटीतच विचारा की तुम्हाला काय म्हणू: अक्का, मावशी, चाची की ताई. "ती बिहारवाली", "ते खालचे भाडेकरू" ही ओळख गल्लीच्या तोंडात एकदा बसली की पाच वर्षं जात नाही.

नवं घर आलं की पहिल्या आठवड्यात मिठाईपेक्षा माहिती जास्त कामाची. अर्ध्या कागदावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा: नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, घंटागाडीची वेळ, वीज गेली तर हेस्कॉमचा १९१२ हा क्रमांक, रेशन दुकान, अंगणवाडी, रात्री उघडं असणारं औषध दुकान, आणि गल्लीतल्या दोन माणसांचे फोन, त्यात एक बाई हवीच. कन्नड मजकूर शाळेत कन्नड शिकणाऱ्या नववी-दहावीच्या मुलीकडून लिहून घ्या आणि एका कन्नड घरातून तपासून घ्या. हे तपासून घेणं म्हणजे तुमचं पहिलं मागणं. भेट दहा मिनिटांची, उंबऱ्याबाहेर. बोलावलं तरच आत.

मागण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तर तुमच्या गल्लीत रोज पडून असते. घरपट्टीची नोटीस, पेन्शनचा कागद, बँकेतून आलेलं पत्र कन्नडमध्ये असतं आणि मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाही. कुणीतरी एजंट शंभर रुपये घेऊन वाचतो, किंवा कागद तसाच फळीवर राहतो आणि मुदत निघून जाते. समोरच्या कन्नड घरातली कॉलेजला जाणारी मुलगी तो दोन मिनिटांत वाचते. आजोबांनी चष्मा सांभाळत त्या दारात जाऊन "बाळ, एवढं वाचून दाखव की" म्हणावं. सीमाभागात ज्या भाषेवरून मान ताठ होते, तीच भाषा इथं शेजाऱ्याच्या उपयोगी पडते आणि कुणाचंच काही कमी होत नाही. पथ्यं दोन. एकाच मुलीकडं रोज गर्दी करू नका, रविवारी सकाळी एक तास ठरवा. आणि खात्याचे क्रमांक, ओटीपी असलेले कागद तिसऱ्या माणसासमोर उघडू नका, नाहीतर उद्या काही गडबड झाली तर संशय तिच्यावर येईल.

देणारे लोक अशा लहान गोष्टींची किंमत नेहमी कमी लावतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी शिकागोत थंडीत लोकांना गरम चॉकलेट दुसऱ्याला द्यायला लावलं. घेणाऱ्याला किती बरं वाटलं याचा देणाऱ्यानं बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमीच निघाला. त्यामुळं "एवढ्याशानं काय होणार" म्हणून थांबू नका.

पण एवढ्यानं सगळं होतं असंही नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसतं एकमेकांच्या जवळ राहून पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, काम सामायिक हवं, ते मिळून करायला हवं आणि वरच्या लोकांचा पाठिंबा हवा. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मॅथ्यू लो यांनी क्रिकेट स्पर्धा घेऊन हे तपासलं, अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या जातींची पोरं एकाच संघात खेळली तेव्हा मैत्री वाढली, समोरासमोरच्या संघांत खेळली तेव्हा तसा फायदा झाला नाही. सलमा मौसा यांच्या इराकमधल्या फुटबॉलच्या अभ्यासात (२०२०) मुस्लिम खेळाडूंबरोबर एका संघात खेळलेले ख्रिस्ती खेळाडू मैदानावर मुस्लिमांशी चांगले वागू लागले, पण मैदानाबाहेर तो बदल फारसा गेला नाही. म्हणजे जिथं मिसळाल तिथलंच वागणं बदलतं. मिसळण्याच्या जागा वाढवाव्या लागतात.

तुमच्या मंडळाला याचा अर्थ काय? हाफपिच क्रिकेटच्या स्पर्धेत "आमची गल्ली विरुद्ध भाडेकरू" असा सामना कधीही लावू नका. नावं चिठ्ठ्यांत टाका आणि संघ चिठ्ठीनं पाडा. गणपतीत वर्गणीच्या यादीसारखी कामाची यादी करा. रोज संध्याकाळी दोन घरं, एक जुनं आणि एक नवं. काम असं द्या ज्यात धर्म आड येत नाही: पिण्याचं पाणी, वाहनतळ, रक्तदान शिबिराची नोंदणी, विसर्जनाच्या दिवशी लहान पोरं सांभाळणं. ज्यांना आरतीला यायचंय त्यांच्यासाठी आरत्या कन्नड लिपीत छापून ठेवा, ज्यांना यायचं नाही त्यांना विचारू नका. नव्यांपैकी एकाला हिशेबाच्या तपासणीत घ्या. वर्गणी देणाऱ्याला हिशेब बघायला मिळाला की तो पाहुणा राहत नाही. एक धोका: कुणी वायरमन असेल तर त्याच्याकडून रोषणाई फुकट करून घेऊ नका. मजुरी द्या, किंवा त्याला रोषणाईचा प्रमुख करून हाताखाली तुमची पोरं द्या. फुकट राबवून घेणं म्हणजे सामावून घेणं, असा गैरसमज मंडळांमध्ये फार आहे.

हळदीकुंकवाचंही बघा. नव्या घरातल्या बायकांना बोलावण्याआधी आपल्याच गल्लीतल्या विधवांना बोलावतो का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं इतर गावांना तोच मार्ग घ्यायला सांगितलं. हे गाव आपल्या चिकोडी-निपाणीपासून लांब नाही. आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवणारी गल्ली बाहेरच्यांना आत घेईल, यावर नवं येणारं माणूस विश्वास ठेवत नाही. ते सगळं बघत असतं.

सगळ्यात जास्त धागा जोडला जातो तो मयताच्या दिवशी. तिथं विधी माहीत असण्याची गरज नाही, पण एक गोष्ट माहीत हवी: लिंगायतांत दहन करत नाहीत, पुरतात, तेही बसलेल्या स्थितीत. म्हणून "लाकडं सांगू का?" असं विचारू नका, "काय आणू?" एवढंच विचारा. शेजाऱ्यांनी करायची कामं सगळीकडं सारखीच: वीस लिटरचे दोन पाण्याचे जार, वीस-पंचवीस खुर्च्या, चाळीस कप चहा, लहान पोरांना आपल्या घरी जेवू घालणं, गावाहून येणाऱ्यांना गल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर दाखवणं. नंतरचे तीन दिवस त्यांच्या चालीनुसार विचारून पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात. आणि फोटो काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मदतीचा फोटो टाकला की ती मदत त्या घराची राहत नाही, मंडळाची जाहिरात होते.

गावात वातावरण तापतं तेव्हा डबे आणि चटण्या एकट्या पुरत नाहीत. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगली झालेल्या आणि न झालेल्या शहरांची तुलना करून हेच दाखवलं: रोजच्या गाठीभेटींपेक्षा दोन्ही समाजांची माणसं एकत्र असलेल्या संघटना जास्त टिकाव धरतात. भिवंडीत १९८४ मध्ये मोठी दंगल झाली होती. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमच्या गल्लीपुरतं याचं रूप साधं आहे. चार माणसं ठरवा, दोन जुनी, दोन नवी. कुठलाही भडक मेसेज आला की पुढं पाठवण्याआधी या चौघांनी एकमेकांना फोन करायचा. हे ऑक्टोबरच्या शेवटी ठरवून होत नाही. वर्षभर डबे फिरलेले असतील तरच त्या रात्री फोन उचलला जातो.

घर भाड्यानं देताना जात-धर्म विचारून नाकारणं चालू असेल तर त्यावर फराळाचा इलाज नाही. तिथं कुणीतरी ओळखीच्या घरमालकाकडं जाऊन "मी सांगतो, माणसं चांगली आहेत" असं शब्द देऊन सांगावं लागतं. ते अवघड आहे, पण खरं वजन त्याला आहे.

फळ दिसायला एक संक्रांत ते दुसरी संक्रांत एवढा वेळ धरा. मंडपातली गर्दी मोजू नका. नव्या घरानं तुमच्याकडं शिडी, मिक्सर, नाहीतर गाडीची किल्ली मागितली का ते बघा. आणि नळावरून किंवा पार्किंगवरून त्यांची तक्रार घरमालकामार्फत न येता थेट तुमच्या तोंडावर आली, तर मनात आनंद माना. परका माणूस भांडत नाही, तो गप्प राहतो आणि घर बदलतो.

तेरा घरं एकदम धरू नका, तीन धरा. एक कन्नड, एक मुस्लिम आणि ते बिहारचं. प्रत्येकाला एक जोडीदार घर ठरवा, शक्यतो ज्यांची माणसं मागावर किंवा कारखान्यात आधीच बरोबर काम करतात असं. येत्या रविवारी पहिल्या घरी तुमच्या आजोबांना पाठवा. हातात पेढे देऊ नका, फळीवर पडलेली ती कन्नड नोटीस द्या.